आपाचा ओला रुमाल

आमच्या डोणगावात कुठल्याही फोटो स्टुडिओत गेलं की आधी आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा पुढं यायचा. आपाच्या स्टुडिओत ओला रुमाल यायचा. माठातल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला, थंडगार. तुम्ही स्टुलावर टेकता न टेकता तो तुमच्या मांडीवर येऊन पडायचा आणि आपा पाठ फिरवून पडद्यांशी खुडबुड करत राहायची. पुसा म्हणायची नाही, पुसू नका म्हणायची नाही. नव्या बाईला वाटायचं, उन्हातून आले म्हणून दिला असेल. ती बिचारी त्याला हात पुसून रुमाल परत करायची. मग आपा वळून बघायची आणि म्हणायची, "बाई, हात नाई येत फोटोत. तोंडावरचं पीठ येते." कुणी तोंड पुसायचं, कुणी नाही पुसायचं. नाही पुसलं तरी फोटो निघायचा. फक्त त्या दिवशी आपाची बडबड जरा जास्त असायची.

आपा म्हणजे थोरली बहीण. घरात ती एकाच भावाची आपा असेल, पण गावात हिंदू-मुसलमान सगळ्यांची झाली होती. तिच्याहून म्हातारी माणसंही तिला आपाच म्हणत. स्टुडिओ मूळचा तिच्या नवऱ्याचा, चाचांचा. बुरख्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर तोंड उघडं करायला तयार नसत, आणि कागदपत्रांना फोटो तर हवाच. म्हणून चाचांनी बायकोला कॅमेऱ्यामागं उभं केलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर चहा पीत बसू लागले. हळूहळू आमच्या शेतकरी घरांतल्या बायकाही "आपाकडंच काढू" म्हणायला लागल्या. चाचा गेले तोवर पुरुष गिऱ्हाईक जवळजवळ उरलंच नव्हतं, आणि आपाला त्याचं काही दुःख नव्हतं. "आदमी लोक कॅमेरा पाह्यला की श्वास रोखून धरतात," ती म्हणायची. "फोटो होईलोक याचा जीव जाते का काय, असं वाटते मले."

ओल्या रुमालामागं एक जुनं भांडण होतं, आणि ते ती मोठ्या चवीनं सांगायची. आपा रंगानं चांगलीच सावळी. लग्नातला फोटो चाचांनी स्वतःच तयार केला होता आणि हौसेनं, बारीक ब्रश घेऊन, नवरीला गोरीपान करून टाकलं होतं. तो फोटो आतल्या भिंतीवर टांगलेला असायचा. आपा त्याच्याकडं बोट करून म्हणायची, "हे पाह्य. माह्या नवऱ्याच्या बाजूले कोण बसली हाय, मले माईत नाई. निकाह माह्यासंगं केला अन् फोटो हिच्यासंगं काढला." त्या बाईवरून दोघांची जन्मभर धुसफुस चालली. चाचा म्हणत, "अवं, म्या मायेनं केलं ना." त्यावर आपा म्हणायची, "म्हणूनच तर जास्त लागते." पण फोटो तिनं कधी उतरवला नाही. रोज सकाळी दुकान झाडताना ती त्या काचेवरूनही फडकं फिरवायची.

तिचं दुसरं वेड म्हणजे थांबणं. स्टुडिओच्या मागं एक छोटं अंगण होतं आणि अंगणापलीकडं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची उंच, चुन्यानं रंगवलेली भिंत. दुपार कलली की ऊन त्या भिंतीवर आदळायचं आणि तिथून मऊ होऊन अंगणात उतरायचं. फॉर्मचे फोटो ती आत दिव्याखाली भराभर उरकायची, पण ज्यात माणूस दिसायला हवा तो फोटो अंगणातच, त्याच उजेडात. तोवर सगळ्यांनी बसून राहायचं. "थांब जरा. उजेड येऊन राह्यला," असं ती म्हणायची, जणू उजेड मेहकरच्या बसनं निघाला आहे आणि आता फाट्यावर उतरेल. बायकांची बस चुकायची, लेकरं रडून झोपी जायची, साखरपुड्याची मुलगी मेंदीचे हात हवेत धरून पेंगायची. कापसाच्या दिवसांत कुठून तरी एखादा पांढरा तंतू तरंगत यायचा आणि सगळ्याजणी मुकाट्यानं त्याच्याकडं बघत राहायच्या. मग कधीतरी कळायचं की सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा आव गेला आहे, कुणीच आता फोटोसाठी बसलेलं नाही. तेव्हा आपा उठायची. मला आजही झोप येत नसली की मी डोळे मिटून त्या अंगणात जाऊन बसते.

इतर स्टुडिओंत धबधबे होते, काश्मीर होतं, एका ठिकाणी तर विमानाचा जिनाही रंगवलेला होता. आपाकडं जुन्या साड्या आणि घरी रंगवलेल्या चादरी. गेरूचा, निळीचा, ओल्या काळ्या मातीचा असे रंग. एकेक कापड ती तुमच्या गालाशेजारी धरून बघायची, भाजीवाल्यानं वजन बघावं तसं डोळे बारीक करून, आणि बहुतेक वेळा काळ्या मातीचाच पडदा निवडायची. एकदा मी विचारलं, पांढरा पडदा का नाही ठेवला? ती म्हणाली, "पांढऱ्यासमोर सावळं माणूस उभं केलं की कॅमेरा घाबरते. त्याले वाटते, लय उजेड झाला. मंग तो माणसालेच अंधारात ढकलते." पुढं मी पुण्यात फोटोग्राफी शिकले तेव्हा हीच गोष्ट मला आकड्यांत शिकवली गेली. आपाच्या तोंडून ऐकली होती म्हणून ती मला लगेच कळली, एवढाच फरक.

आणि तिचं आणखी एक वेड, घोळक्याचा फोटो. बचतगटाच्या बायका आल्या की अध्यक्षीणबाई मधली खुर्ची धरायच्या आणि आपा त्यांना गोड बोलून उठवायची. मधे ती बसवायची कुबडी घेऊन चालणारी शिवणवाली, नाहीतर जिच्या दातांवर गटातल्याच बायका हसायच्या ती, किंवा जी स्वतःच "मी जाडी हाय, मी मागं राह्यतो" म्हणत असायची ती. "कडेले उभं राहू नोका बाई," आपा म्हणायची. "कडेच्या माणसालेच पह्यली कात्री लागते." हे तिचं नेहमीचं वाक्य. फ्रेमवाला फोटो फ्रेमपेक्षा मोठा निघाला की सरळ कडा कापतो, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. मला ते वाक्य फार लवकर कळलं, कारण मी कापली गेले होते.

माझ्या पापण्यांवर आणि ओठांच्या भोवती कोड आहे. सातवीत असताना आधी एक ठिपका आला, मग ते पसरत गेलं. शाळेत मुली माझ्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. आई नुसतीच बघत राहायची. दहावीच्या निरोपसमारंभाच्या फोटोत मी अगदी टोकाला, तोंड फिरवून उभी होते. सरांनी तो फोटो फ्रेम करून वर्गात लावला तेव्हा माझ्या जागी माझा फक्त खांदा होता. कुणाचाही दुष्टपणा नव्हता. फ्रेम लहान होती. मला मात्र त्या दिवशी हायसं वाटलं होतं, हेच आता आठवून वाईट वाटतं.

बारावीच्या फॉर्मसाठी मी आपाकडं गेले ती ओढणीत तोंड गुंडाळून, आणि आत आईनं शहरातून मागवलेल्या क्रीमचा जाड थर. रुमाल मांडीवर पडला. मी तो तसाच धरून बसले. पाण्याचा ओलावा सलवारीतून मांडीला लागत होता. आपा पाठ करून पडदे लावत होती, आणि आज मला माहीत आहे की लावण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "आपा, मला नाही पुसायचं." ती वळली, रुमाल उचलला आणि म्हणाली, "नोको पुसू. रुमाल देनं माह्यं काम. पुसाचं का नाई, ते तुह्यावर हाय. चेहरा तुह्या हाय, बेटा." फोटो निघाला. त्या दिवशी तिनं बडबडही केली नाही. पुढच्या वेळी मी काही काम नसतानाच गेले, आणि मग जातच राहिले. कॉलेजची बस गावात आली की मी घरी न जाता त्या अंगणात. तिथं मी ओढणी सोडायला शिकले. कॅमेरा हातात धरायला शिकले. अर्चना हे माझं नाव आपा अगदी सावकाश घ्यायची, त्यामुळं मला ते आवडायला लागलं.

लग्नसराईच्या तोंडावर बाजारातल्या कापड दुकानाचे शेठ आपाकडं आले. दरवर्षी ते फ्लेक्सवर कुठल्यातरी नटीचा फोटो लावायचे. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की आपल्या भागातली वाटेल अशी मुलगी हवी. आपानं मागं वळूनही न बघता अंगठ्यानं माझ्याकडं दाखवलं. "हे हाय ना."

शेठ माझ्याकडं बघून म्हणाले, "आपा, पोट्टी चांगली हाय, पण..."

"तुमची साडी सावळ्या बाया नेसतात का गोऱ्या?"

"सावळ्याच, पण ते डाग..."

"साडी पाह्यजा, शेठ. बाकीचं मी पाह्यतो."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रुमाल वापरला. जांभळ्या रंगाची साडी, मागं काळ्या मातीचा पडदा. आपानं मला उजेडाची वाट बघत एवढा वेळ बसवलं की मी कशासाठी बसले आहे हेच विसरले. मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिनं मला मी दाखवली. जांभळा रंग, माझा तांबूस सावळा रंग आणि पापण्यांवरचा तो पांढरा रंग, तिन्ही एकमेकांना धरून होते. स्वतःला सुंदर म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. पण मला वाटलं होतं, ते मी इथं लिहून ठेवते.

फोटो छपाईला मेहकरला गेला. तिथला फ्लेक्सवाला चांगला माणूस होता. वाढदिवसांचे आणि दशक्रियेचे फ्लेक्स करून करून त्याच्या हाताला सवयच लागली होती, की आलेला चेहरा आधी साफ करायचा. मुरूम घालवायचे, रंग उजळ करायचा, आणि हे सगळं फुकट, आपुलकीनं. मला त्यानं अशी काही साफ केली की फ्लेक्स बसस्टँडजवळ चढला तेव्हा माझ्या आईनं मान वर करून बघितलं आणि मला विचारलं, "काय वं, ही कोणाची पोट्टी हाय?" माझी साडी, माझे हात, माझी मान, आणि वर कुणीतरी गोरी, गुळगुळीत मुलगी हसत होती.

आपा फोनवर फ्लेक्सवाल्याला काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा पलीकडून कळवळून सांगत होता, "आपा, पोरीच्या लग्नाचा सवाल हाय ना. म्या चांगल्यासाठीच केलं." आपानं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या आपल्या लग्नाच्या फोटोकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "तो फ्लेक्स उतरवू का?" मी म्हणाले, राहू द्या. खरं सांगायचं तर मला ती मुलगी आवडली होती. संध्याकाळी बसमधून उतरलं की मी ओढणी सारखी करून तिच्या खालून जायची आणि वर बघायची. वाटायचं, कुठल्यातरी दुसऱ्या डोणगावात मी अशी आहे, सगळे तिथं माझ्या हातचं पाणी पितात. आपा मला समजवायला आली नाही. ती फक्त म्हणाली, "तू सांगशील तवा."

फ्लेक्सवरच्या मुलीला स्थळ आलं. मोताळ्याकडचे, रोहिणखेडच्या बाजूचे पाहुणे लग्नाच्या बस्त्यासाठी आले होते, त्यांनी फ्लेक्स बघितला, शेठकडं चौकशी केली आणि बाबांना निरोप धाडला. बाबांना वाटलं, शेठकडं चौकशी करूनच येताहेत म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. बाबा त्या दिवशी नवा सदरा घालून सकाळपासून अंगणात फेऱ्या मारत होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि बोलणं थांबलं. मुलाच्या आईनं माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं बघितलं, आणखी कुणी यायचं आहे का असं. "फ्लेक्सवरची ते हीच का?" तिनं विचारलं.

"हाव, हीच," बाबा म्हणाले.

बाई वाईट नव्हती. तिनं बशी हळूच खाली ठेवली. "पोरगी गुणाची दिसते ओ दादा," ती म्हणाली, "पण आमाले दुसरीच दावली. असं फसवाले नोको होतं."

बाबांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. आडतीत सोयाबीन घालताना ते ओला दाणा वेगळा काढून आधी दाखवायचे आणि लोक त्यांना वेडे म्हणायचे. पाहुणे गेल्यावर ते नव्या सदऱ्यासकट ओट्यावर बसून राहिले. मला रडू आलं ते माझ्या तोंडासाठी नाही. त्या गोऱ्या मुलीनं माझ्या बाबांना खोटं पाडलं होतं.

मी तशीच, साडीवर, आपाकडं गेले. "आपा, उतरवा तिला."

"कोनाले?"

"त्या पोरीला."

आपानं मला चहा दिला. बाजाराच्या दिवशी सकाळी ती माझा खरा फोटो मोठा करून घेऊन शेठच्या दुकानात गेली. मला वाटलं होतं, भांडेल. ती भांडली नाही. गादीच्या शेजारी फोटो उभा केला, दारातून येणाऱ्या उजेडात, आणि स्वतः बाजूला बसून सुपारी कातरू लागली. शेठ हात चोळत म्हणाले, "आपा, सराईचे दिवस हायत. गिऱ्हाईक काय म्हनन?" आपा म्हणाली, "तेच ऐकाले बसलो ना मी." बाजाराच्या बायका येत गेल्या. काही फोटोकडं बघून कुजबुजल्या. एक-दोघींनी मान फिरवली. मग सुलतानपूरकडची एक पोक्त बाई आली, शेतात राबलेली, काळीसावळी. फोटोसमोर उभी राहिली, आपला हात पुढं करून फोटोतल्या माझ्या हाताशेजारी धरला, आणि शेठला म्हणाली, "हे जांभळी दाखवा. हिच्या अंगावर उठते, त माह्याबी अंगावर उठन." तिच्या मागं आणखी दोघी थांबल्या. शेठ हुशार माणूस. त्यांनी संध्याकाळी मेहकरला फोन लावला आणि बजावलं, "फोटो जसा हाय तसाच छाप बे. हात लावू नोको."

नवा फ्लेक्स चढला. सगळं गोड झालं असं नाही. पोरांनी खालून नावं ठेवली, एका काकांनी घरी येऊन बाबांना ऐकवलं की पोरीचं उघडं केलंत. बाबा एवढंच म्हणाले, "जसं हाय तसं हाय." तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बसमधून उतरले तर फ्लेक्सखाली एक बाई उभी होती, सोबत चारेक वर्षांची मुलगी. मुलीच्या हनुवटीवर पांढरा ठिपका. बाईनं मुलीला दोन्ही हातांनी उंच उचललं होतं, देवळातली घंटा वाजवायला उचलावं तसं, आणि ती मुलगी वर बघून आपल्याच हनुवटीवर बोट फिरवत होती. त्यांनी मला बघितलं नाही. मी तिथं उभी राहिले, ओढणी खांद्यावर, बस निघून गेली तरी.

आज मी पुण्यात साड्यांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींचे फोटो काढते. कंपन्यांना आता "वेगळे चेहरे" हवे असतात. एक सावळी, एक जाड, एक व्हीलचेअरवरची, एक माझ्यासारखी. ताटात वाढल्यासारखी एकेक. विशेष अंकापुरत्या, सणापुरत्या. मग त्यांना उभं करतात कुठं, तर कडेला. पान लहान झालं की कात्री तिथंच लागते. मी फोनवर हे सांगितलं की आपा हसायची. मी पाठवलेला प्रत्येक फोटो ती नातवाच्या मोबाईलवर बघायची आणि एकच प्रश्न विचारायची, "मधात बसवली का तिले?" एकदा एका जाहिरातीत भाजल्याचे व्रण असलेली मुलगी होती. ती काठावर उभी राहावी असा आग्रह होता. मी तिला मधे घेतली आणि बाकीच्यांना एवढं चिकटून उभं केलं की कापायला कुठं जागाच उरली नाही. त्या लोकांनी मला पुन्हा बोलावलं नाही. ती मुलगी मात्र अधूनमधून फोन करते, आता साध्या रोजच्या कपड्यांच्या जाहिरातीतही तिला घेतात म्हणून सांगते. आपाला मी हे कळवलं तेव्हा ती मोबाईलवरच खेकसली, "मंग! रोजच्या जेवनात पाह्यजे मानूस. वाढदिवसाच्या केकात काय ठेवाचं?" त्याच फोनमधल्या चेहरा उजळ करणाऱ्या सोयीचा तिला भयंकर राग. "या मोबाईलवाल्यानं त पावडरचा डबा आतच बसवून देल्ला," म्हणायची.

मग तिला काचबिंदू झाला. नजर कडांकडून जायला लागली. डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. मी भेटायला गेले तर तीच मला समजावत होती. "आता माह्या नजरेलेच कात्री लागली, बेटा. कडेचं गेलं. मधातलं तेवढं दिसते. चालते. मधातलंच पाह्याचं असते." तिची लेक मलकापूरला असते, तिनं आईला घेऊन जायचं ठरवलं. स्टुडिओ बंद होणार होता. जायच्या आधी आपाचा फोन आला, "अर्चना, ये. माह्या फोटो काढ." इतक्या वर्षांत तिनं हे कधी म्हटलं नव्हतं.

मी दुपारी पोचले. पडदे घडी करून बांधून ठेवले होते. मी काळ्या मातीचा तेवढा सोडून अंगणात टांगला. आपा आतून आली, ईदची ओढणी घेऊन, भिंतीला हात लावत. आणि तिच्या तोंडावर पावडर होती.

मला काय करावं कळेना. मग माझ्या हातांना कळलं. मी माठाकडं गेले, रुमाल बुडवला, घट्ट पिळला, तिच्या मांडीवर ठेवला आणि पाठ फिरवून पडद्याशी खुडबुड करत राहिले. पडदा नीटच होता. बराच वेळ गेला. वळून बघितलं तर रुमाल तसाच.

"नाई पुसत," आपा म्हणाली. "इतक्या जनीची पुसली. एक दिवस मले त लावून पाहू दे, कसं वाटते."

"तुमचा चेहरा, आपा."

मी एक फोटो काढून कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांच्या अगदी जवळ, मधोमध धरला. आरशात तिला चेहऱ्याचा जेवढा मधला भाग दिसत होता तेवढ्यालाच तिनं पावडर लावली होती. पापण्यांवर आणि ओठांच्या भोवती पांढरं, बाकी सगळी कड तिची स्वतःची, सावळी. आपा बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"अवं, हे त तुह्यं तोंड हाय."

मी विचारलं, "पुसायचं का, आपा?"

"काऊन? तुह्यावर चांगलं दिसते, मंग माह्यावर काऊन नाई दिसन? काढ."

"थांबा जरा," मी म्हणाले. "उजेड येऊन राह्यला."

आम्ही दोघी बसून राहिलो. जिनिंगच्या भिंतीवर ऊन चढलं, मऊ झालं, अंगणात उतरलं. आपानं डोळे मिटून घेतले होते; उजेड आला ते तिला गालावर कळलं असावं, कारण तिनं आपणहून डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं बघितलं. तोच फोटो.

मलकापूरला ती एक हिवाळाभर राहिली. ती गेल्याचं कळल्यावर मी लेकीच्या घरी गेले. बैठकीच्या खोलीत चाचांचा आणि त्या गोऱ्या बाईचा लग्नाचा फोटो होता, आणि त्याला खेटून मी काढलेला आपाचा. "अम्मीनंच जागा दाखवली," लेक म्हणाली. "म्हने, त्या बाईच्या बाजूलेच लाव. तिलेबी समजू दे, घरवाली कोन हाय ते." मी हसायला लागले, आणि हसताहसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. लेक आत गेली, माठाचं झाकण वाजलं, आणि बाहेर येऊन तिनं माझ्या मांडीवर ओला रुमाल ठेवला.